वन्सं, पंप आणि वरचा सा

आमच्या वन्संइतकं गळ्याला जपणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही, आणि त्याच गळ्याचे त्यांच्याइतके हाल करणारंही दुसरं कुणी पाहिलं नाही. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. माझ्या नवऱ्यापेक्षा चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. लग्न त्यांनी केलं नव्हतं. "गाण्याशी एकदा संसार मांडला की घरात दुसऱ्या माणसाला बसायला जागा उरत नाही," असं त्या म्हणत, आणि ते शब्दशः खरं होतं. दोन तानपुरे, एक पेटी, तबल्याची जोडी आणि स्वतः वन्सं एवढ्यांनी आमची पुढची खोली गच्च भरून जायची. मी सून म्हणून औरंगपुऱ्यातल्या त्या भाड्याच्या घरात आले तेव्हा सासू-सासरे हयात नव्हते, त्यामुळं घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे वन्संच. सकाळी मुलींच्या शाळेत गाणं शिकवायचं, संध्याकाळी घरी शिकवणी घ्यायची आणि अधूनमधून रेडिओवर गायचं, असा त्यांचा क्रम. रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की गल्लीतलं कुणी ना कुणी धावत यायचं, "अक्का, अक्का, रेडिओवर तुम्ही गाताय!" वन्सं शांतपणे म्हणायच्या, "माहीत आहे. मीच गातेय."

त्यांच्या गळ्याची बडदास्त काय वर्णावी! भर मे महिन्यात, सगळं शहर ओल्या पंच्याखाली निजलेलं असताना, वन्संच्या मानेभोवती लोकरीचा मफलर असे. घरात फ्रिज आला त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू मी एखादी सवत आणून ठेवली असावी. दही दुपारी बारानंतर घरात दिसायचं नाही. केळं त्यांनी तीस वर्षांत खाल्लं नव्हतं. आणि फोडणी! माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता. सकाळी मी आमटीला फोडणी घातली, मोहरी तडतडली, मिरची पडली, आणि पुढच्या खोलीतला भैरव मधेच तुटला. पाठोपाठ हाक आली, "शैला, मी गाणं सोडू की तू फोडणी सोडतेस?" तेव्हापासून आमच्याकडं आमटीची फोडणी रियाजाच्या आधी, म्हणजे उजाडायच्या सुमाराला होत असे. नवं लग्न झालेल्या मुली सकाळी उठून तुळशीला पाणी घालतात. मी हिंग-मोहरी घालत होते.

कान तर त्याहून कठीण. जगात जो कुणी तोंड उघडतो तो बेसूर उघडतो, अशी त्यांची ठाम समजूत होती आणि त्याला इलाज करणं आपलं काम आहे, अशी त्याहून ठाम समजूत. कुकरची शिट्टी त्यांना उतरलेली वाटायची. रोज दारात येणारा दूधवाला "दूऽऽध" म्हणून आरोळी ठोकायचा, ती त्यांना सहन होईना. एके दिवशी त्याला उंबऱ्यापाशी उभा करून त्यांनी पेटीवर सूर दिला आणि म्हणाल्या, "इथं लाव." तो बिचारा कॅन खाली ठेवून म्हणाला, "लावतो की अक्का, पण म्हशीला काय कळतंय, म्या कुठल्या पट्टीत वरडलो त्ये?" वन्सं म्हणाल्या, "म्हशीला नसेल कळत. मला कळतं." तो तसा गुणी होता. त्यानंतर साऱ्या गल्लीत तो मनाला येईल तसा ओरडायचा आणि आमच्या दारात आला की घसा खाकरून सुरात दूध घालायचा.

रिक्षावाल्यांशीही हेच. आम्हाला नेहमी नेणारा एक वयस्कर रिक्षावाला होता. त्याच्या हॉर्नवर वन्संचा राग. "चाचा, ये भोंपू कौनसे सुर में बजाते तुम?" त्यांचं बालपण निजामाच्या राजवटीत गेलेलं, पहिल्या इयत्ता उर्दूत झालेल्या, पोलीस अ‍ॅक्शननंतर शाळा मराठी झाली तरी जिभेवरची उर्दू काही गेली नव्हती. चाचा आरशातून बघत म्हणायचा, "बाई, सुर में बजाया तो रस्ते में से हटता कौन?"

आता या सगळ्या थाटामागं एक गोष्ट दडलेली होती आणि ती घरातल्या घरात सगळ्यांना माहीत होती. वन्संना लहानपणापासून दमा होता. पण हा शब्द घरात उच्चारायचा नाही. त्या त्याला 'मिजाज' म्हणत. "आज जरा मिजाज ठीक नाही," असं त्या म्हणाल्या की समजायचं, छाती भरलीय, जिना चढणार नाहीत, शिकवणीत स्वतः न गाता मुलींना गायला लावणार. थंडी सुरू झाली की मिजाज बिघडायचा, समोरच्या घराला रंग लागला की बिघडायचा, शाळेत फळा पुसला की बिघडायचा. गाणारीला दमा आहे हे लोकांना कळलं तर लोक गाणं न ऐकता श्वास मोजत बसतील, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

पन्नाशीनंतर मिजाज फारच वाढला तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्यांना जवळजवळ उचलूनच छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी दोन पंप दिले. निळा, धाप लागली तर तेवढ्यापुरता घ्यायचा. दुसरा तपकिरी, तो मात्र रोज सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी. घ्यायचा कसा, घेतल्यावर काय करायचं, हे डॉक्टरांनी सविस्तर सांगितलं असणार. मी बाहेर बाकावर होते. घरी आल्यावर विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" तर वन्सं म्हणाल्या, "माणूस हुशार आहे. पण बोलतो पांढरी एकमध्ये आणि शेवट मंद्रात सोडून देतो." म्हणजे डॉक्टर औषध समजावत होते आणि ह्या त्यांची पट्टी काढत होत्या.

पंपानं जादू केली, हे कबूल केलं पाहिजे. त्या हिवाळ्यात वन्सं जिना चढल्या, पहाटे रियाजाला बसल्या, संक्रांतीला दहा घरी जाऊन तिळगूळ देऊन आल्या. पंप घ्यायच्या मात्र न्हाणीघराचं दार लावून. आणि घेतल्यावर पुढचा अर्धा तास तोंडात पाण्याचा थेंब नाही! हा नियम त्यांनी स्वतः काढलेला होता. पूर्वी कधीतरी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या त्यांनी खाल्ल्या होत्या. त्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. वन्संनी तो नियम जगातल्या समस्त औषधांना लावून टाकला. "औषध मुरू द्यावं लागतं," त्या मला सांगायच्या. रात्री तर पंप घेऊन त्या तशाच झोपून जायच्या. म्हणजे औषध रात्रभर मुरायचं. शिवाय गाण्याचा कार्यक्रम असला की आदल्या दिवशी तपकिरी पंपाचे दोन फवारे स्वतःच्या अधिकारात जास्त.

आणि मग पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांचा आवाज बसला.

आधी मला वाटलं सर्दी आहे. त्यांनाही तसंच वाटलं. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळद-दूध झालं. आवाज घोगराच. बोलताना मधेच हवा निसटल्यासारखा व्हायचा. वरचा सा लावायला गेल्या की तिथं दोन आवाज यायचे, एक त्यांचा आणि एक कुणातरी परक्याचा. संध्याकाळच्या शिकवणीत एका मुलीनं अगदी निरागसपणे विचारलं, "बाई, तुम्ही म्हटलं तसंच म्हणायचं का?" वन्संनी पेटी बंद केली आणि मुलींना घरी पाठवलं. इतक्या वर्षांत शिकवणी अशी मोडलेली मी पाहिली नव्हती. त्यानंतर त्या दूधवाल्यालाही काही बोलेनात. त्याची आरोळी पार घसरली. तो मलाच विचारायला लागला, "वहिनी, अक्का नाराज हाय का माझ्यावर? चुकतोय का मी?"

कुणीतरी त्यांना सांगितलं की आवाज पंपानं बसतो. यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते घातक ठरलं. एका सकाळी वन्संनी दोन्ही पंप आणून माझ्या हातात ठेवले. "शैला, हे टाकून दे."

"वन्सं, अहो डॉक्टरांना विचारूया तरी."

"काय विचारायचं? श्वास राहिला आणि सूर गेला तर त्या श्वासाचं मी काय करू? भाजी निवडू?"

माझ्या नवऱ्यानं रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, शेवटी जेवायचा नाही म्हणाला. "अक्का, दम्याशी खेळ नको," असं त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तो शब्द ऐकून त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मी तपकिरी पंप कपाटात ठेवला आणि निळा माझ्या पर्समध्ये टाकला. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

गंमत म्हणजे पंप बंद केल्यावर आवाज खरंच जरा मोकळा झाला. वन्सं लहान मुलीसारख्या हरखल्या. गुरुजींच्या पुण्यतिथीची मैफल दिवाळीनंतर होती. त्यांचे गुरुजी आमच्याच शहरातले. त्यांचे शिष्य दरवर्षी जमून गात, आणि शेवटची भैरवी वन्संची, हा ठरलेला मान. "बघ, भैरवीपर्यंत सगळं जागेवर येतंय," असं त्या म्हणायच्या. पण जिन्याच्या मधल्या पायरीवर पुन्हा थांबायला लागल्या होत्या. थांबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायच्या, जणू तिथं काही महत्त्वाचं लिहिलंय.

दसऱ्याच्या आधी मी शहागंजला वाळल्या मिरच्या आणायला निघाले. वन्सं म्हणाल्या, मी येते, तुला मिरची कळत नाही. मी नको नको म्हटलं. ऐकतील त्या वन्सं कुठल्या! दुकानदारानं पोतं उघडून मूठभर मिरच्या वर-खाली केल्या, तेवढा खकाणा पुरला. त्यांनी पदर नाकाला लावला, एकदा खोकल्या, पुन्हा खोकल्या, आणि मग खोकलाच थांबला. ओठ मिटून त्या नुसत्या माझ्याकडं बघायला लागल्या. छातीतून बारीक शिट्टी येत होती. खांदे कानापर्यंत उचलले जात होते आणि आत मात्र काहीच जात नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजावर बोलणाऱ्या त्या बाईला एक शब्द काढता येईना.

मी त्यांना दुकानाच्या फळीवर बसवलं. पर्समधून निळा पंप काढला. भर बाजारात, चार लोकांसमोर, त्यांनी तो पाहिला आणि तशाही अवस्थेत तोंड फिरवलं. मी त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "वन्सं, तोंड उघडा!" त्यांनी उघडलं. दुकानदारानं धावत जाऊन रिक्षा आणली, ती नेमकी चाचाची निघाली. तो मागं वळून फक्त एवढंच म्हणाला, "बाई, कुछ मत बोलो. बस सांस लेते रहो." त्या दिवशी त्यानं शहागंजपासून क्रांती चौकापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. चौकात गर्दी तुंबलेली होती; तो उभा राहून ओरडत होता, "हटो, मरीज है!" मी थांबून थांबून पंप देत होते आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. माझ्या हाताखाली ती पाठ लहान मुलाच्या पाठीसारखी वाटत होती.

दवाखान्यात तोंडाला वाफेच्या औषधाचा मुखवटा लावला, इंजेक्शन दिलं. तासाभरानं शिट्टी कमी झाली, खांदे खाली आले, बोटांच्या नखांवर रंग आला. वन्संनी मुखवटा जरा बाजूला केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मिरच्या राहिल्या ना गं?" मी हसले आणि हसता हसता रडले.

छातीच्या डॉक्टरांनी पुष्कळ बोलून घेतलं. पंप बंद केल्यानंच हे झालं, तो सोडायचा नाही, असं बजावलं. गळ्यासाठी त्यांना घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. माझ्याच वयाच्या असतील, कोरड्या चेहऱ्याच्या. हातात लांब दांडीचा आरसा. म्हणाल्या, "आ करा." वन्संनी डोळे मिटून आकार लावला. "गाऊ नका हो, नुसतं तोंड उघडा." आरसा आत गेला. मी भिंतीला टेकून उभी होते. वन्संनी माझी करंगळी धरून ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी आरसा काढला. "तपकिरी पंप घेतल्यावर चूळ भरता का? गुळण्या?"

"चूळ?" वन्संना धक्काच बसला. "चूळ भरून औषध वाया घालवायचं?"

"औषध छातीत जायचं असतं. तोंडात आणि घशात चिकटून राहतं ते धुवायचं असतं."

"मी अर्धा तास पाणी पीत नाही," वन्सं काहीशा अभिमानानं म्हणाल्या. "मुरायला."

त्या कोरड्या चेहऱ्याच्या बाई मग जे हसल्या, ते टेबलाला धरूनच. हसू ओसरल्यावर त्यांनी नीट सांगितलं. औषध घशात रोजच्या रोज साचून राहिल्यानं आत पांढरी बुरशी धरली होती, ती पंप सोडूनही पुरती गेली नव्हती, स्वरतंतूंना सूज होती, म्हणून आवाज फाटत होता. बुरशीला औषध देऊ. पंप सुरूच ठेवायचा, पण सांगितला तेवढाच, मधे एक प्लास्टिकचा फुगीर डबा लावून, म्हणजे घशात कमी अडकेल. प्रत्येक वेळी चूळ आणि गुळण्या. आणि काही दिवस अजिबात बोलायचं नाही.

"पण गळा?" वन्सं कुजबुजल्या.

"गळा गेलेला नाही. येईल परत. जरा वेळ लागेल."

वन्सं खुर्चीवरून उठल्या, मफलर नीट गुंडाळला, आणि डॉक्टरीणबाईंना वाकून नमस्कारच करायला लागल्या. त्या बिचाऱ्या मागं सरकून भिंतीला लागल्या.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराच्या इतिहासात अपूर्व होते. वन्संचं मौन! पण गप्प बसतील तर त्या कसल्या. टेबलावर बोटांनी त्या ठेके वाजवायच्या आणि आम्ही ओळखायचं. केरवा म्हणजे चहा. दादरा म्हणजे पंखा बंद कर. माझ्या नवऱ्याचं काही चुकलं की जोरात तिहाई, आणि समेला बोट थेट त्याच्याकडं. तो म्हणायचा, "अक्का बोलत होती तेव्हा निदान उत्तर देता यायचं." प्लास्टिकच्या डब्याला वन्संनी 'भोपळा' असं नाव दिलं. तानपुऱ्याचे दोन भोपळे घरात होतेच, हा तिसरा. सकाळ-संध्याकाळ तो तोंडाला लावून त्या पुढच्याच खोलीत बसायच्या, दार उघडं टाकून. न्हाणीघरात आता पंपासाठी कुणी जाईना.

आणि गुळण्यांच्या बाबतीत वन्संनी मागची सगळी कसर भरून काढली. मागच्या अंगणातल्या नळापाशी तांब्याभर कोमट पाणी घेऊन त्या अशा गुळण्या करायच्या की शेजारच्या घरातली माणसं खिडकीत यायची. मौन सुटल्यानंतरची एक सकाळ. मी कणीक मळत होते. गुळण्यांची खळखळ चालू होती. ती थांबली, पाणी टाकल्याचा आवाज आला. मग हळूच, जपून, एखादं दार ढकलून बघावं तसा सा आला. खालचा. त्यावरून एकेक सूर धरत त्या वर चढल्या, नीवर जरा थांबल्या. मी कणकेतले हात तसेच ठेवून श्वास रोखला. वरचा सा लागला. एकच आवाज, एकटा, स्वच्छ. फार वेळ टिकला नाही, पण होता.

मी धावत अंगणात गेले. वन्सं नळापाशी तशाच उभ्या, हनुवटीवरून पाणी ठिबकतंय. म्हणाल्या, "शैला, ऐकलंस?"

"ऐकलं."

"जरा उतरलेला होता," त्या म्हणाल्या, आणि पदरात तोंड लपवून रडायला लागल्या.

पुण्यतिथीच्या मैफलीत त्या गायल्या, पण काळी चारमध्ये नाही, काळी तीनमध्ये. एक पट्टी खाली उतरून गाणं म्हणजे त्यांच्या लेखी केवढी गोष्ट, ते मला ठाऊक होतं. साथीदारानं दबकत विचारलं, "अक्का, काळी चारच ना?" तर म्हणाल्या, "तीन. दम्याची बाई आहे मी, फार चढवू नका." माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. गाण्याआधी आतल्या खोलीत सगळ्या कलाकारांच्या देखत त्यांनी भोपळा काढला, पंप घेतला आणि बादलीत खळखळून गुळण्या केल्या. एक तरुण गायक कोपऱ्यात उभा राहून हे बघत होता. थोड्या वेळानं तो त्यांच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, मीसुद्धा घेतो. कुणाला माहीत नाही." वन्संनी त्याला जवळ बसवलं. "चूळ भरतोस का?" तो म्हणाला, "नाय." त्यानंतर वन्संनी त्याला जे झाडलं, ते ऐकून मला खात्री पटली की आमचं माणूस आम्हाला पूर्ण परत मिळालं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं त्या गायल्या. दरवर्षी आवाज थोडा थोडा उतरत गेला, तो वयानं, जसा सगळ्यांचाच उतरतो, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. गेल्या त्याही शांतपणे, ऐंशीच्या पुढं, दुपारच्या झोपेत. धापेनं गेल्या नाहीत, याचं मला अजून समाधान वाटतं.

त्या मैफलीची एक कॅसेट आमच्याकडं आहे. माझ्या नवऱ्यानं टेप त्यांच्या अगदी जवळ ठेवला होता, त्यामुळं अंतऱ्याच्या आधी त्यांनी घेतलेला श्वास त्यात स्पष्ट ऐकू येतो. मोठा, मोकळा, कुठंही न अडखळणारा. कधी दुपारी एकटी असले की मी ती लावते. भैरवी सुंदरच आहे, पण मी तिथंच टेप थांबवून मागं घेते आणि तो श्वास पुन्हा ऐकते.